पूजेला बसलेला कॉम्प्युटर

"यंत्र हा माणसाचा सर्वांत इमानी नोकर आहे. वर्षातून एक दिवस त्याचा मान ठेवा, ते तुम्हाला जन्मात दगा देणार नाही."

हे उद्गार श्री. हणमंतराव भातंब्रेकर यांनी खंडेनवमीच्या दिवशी, बीदरच्या मैलूर भागातल्या आपल्या घरात, हातात निरांजन घेऊन, झेंडूचा हार घातलेल्या कॉम्प्युटरसमोर काढले. ऐकायला त्यांच्या पत्नी वृंदाबाई होत्या, मुलगी प्रणिता होती आणि स्वतः यंत्र होतं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, इमानी नोकर कामावर आला नाही.

एकदाचा मेला असता तरी बरं झालं असतं. रडून मोकळं होता आलं असतं. पण तो अर्धवट चालू झाला. दिवा लागला, पंखा घरघरला, पडद्यावर कंपनीचं नाव आलं आणि मग एक निळा पडदा येऊन बसला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत तारीख, वेळ, पोटातलं तापमान अशा चौकशीच्या गोष्टी. प्रणितानं बाणाचं बटण दाबलं, तशी रेघ मुकाट खाली सरकली. बाहेर पडायच्या ओळीवर नेऊन तिनं दाबलं. कॉम्प्युटर बंद झाला, परत चालू झाला आणि परत त्याच निळ्या पडद्यावर येऊन थांबला.

"तारीख तर बरोबर दाखवायलाय," हणमंतराव म्हणाले. "आज दसरा आहे हे त्याला कळतंय."

"अप्पा, मला तारीख नकोय. मला माझा नकाशा पाहिजे."

नकाशाचं प्रकरण असं. बीदरच्या जमिनीखाली जुन्या काळची एक सुरंगबावी आहे. पाणी वाहून नेणारा बोगदा आणि त्यावर ओळीनं खोदलेल्या विहिरी. कोणती विहीर खालून कुणाशी बोलते, हे प्रणिता दोन उन्हाळे दोरी आणि मीटर घेऊन मोजत होती. त्यावर पुढचा अभ्यास करायला नॉर्वेतल्या एका विद्यापीठात एक जागा होती. जागा एकच. निवड करणारी मंडळी आज दुपारी तीनला कॉम्प्युटरवरून तिची मुलाखत घेणार होती आणि तिनं आपला नकाशा त्यांना पडद्यावर दाखवून समजावायचा होता. आज जो दिसणार नाही त्याला परत बोलावणं नाही, असं त्यांनी अगदी सभ्य भाषेत कळवलं होतं. नॉर्वेत दसरा नसतो, त्याला त्यांचा इलाज नव्हता.

प्रणिताचा स्वतःचा लॅपटॉप उन्हाळ्यातच गेला होता. तेव्हापासून सगळं काम अप्पांच्या या डब्यावर. नकाशा पुरा झाला तो नवमीच्या सकाळी. तो मेलवर टाकणार, इतक्यात हणमंतरावांनी मागून येऊन इंटरनेटची वायर काढली.

"पूजेची वेळ झाली. ऊठ."

"अप्पा, दोन मिनिटं."

"पूजेला बसलेल्या यंत्रानं काम करायचं नसतं. नियम म्हणजे नियम."

भूमापन खात्यात सगळी नोकरी केलेला माणूस. दुसऱ्याच्या बांधावर वीतभर सरकलेला दगड त्यांना झोपेत दिसायचा. पूजाही ते मोजणीसारखी करत. घरातलं एकही हत्यार सुटता कामा नये. स्कूटर, शिवणयंत्र, मिक्सर, विळी, कात्री, स्क्रूड्रायव्हर, सगळ्यांना हळदकुंकू. स्कूटरच्या चाकाखाली लिंबू ठेवून चिरडलं, तसं कॉम्प्युटरचंही करायला हवं होतं. पण कॉम्प्युटरला चाक नाही. दुसरा कुणी असता तर सोडून देता. हणमंतरावांनी विचार केला की चाकाचा मुद्दा फिरण्याचा आहे आणि या डब्यात फिरणारी वस्तू एकच, ती म्हणजे माउस. त्यांनी माउसखाली लिंबू ठेवलं आणि वरून तळहातानं दाबलं.

लिंबू ताजं होतं. थोडं वृंदाबाईंच्या इरकलीवर उडालं, थोडं हणमंतरावांच्या डोळ्यात. बाकीचं कुठं गेलं याची चौकशी झाली नाही, कारण आरती सुरू झाली होती.

दसऱ्याला सकाळी त्यांनी कॉम्प्युटरपुरती वेगळी उत्तरपूजा करून त्याला मोकळं केलं. बाकीची हत्यारं संध्याकाळी, बन्नीची म्हणजे शमीची पानं देऊन-घेऊन झाल्यावरच उठणार होती. नियम म्हणजे नियम. पण आपल्या घरच्या अर्जाला सवलत कुठल्या कलमाखाली बसवायची हे खात्यात तीस वर्षं काढलेल्याला शिकवावं लागत नाही. प्रणितानं हार काढला, बटणांवरचं कुंकू फडक्यानं पुसलं. माउस मेलेला निघाला. त्याचा आंबट वास येत होता. "माउसचं काय एवढं, बाणाच्या बटणांनी भागवते," असं म्हणून तिनं कॉम्प्युटर चालू केला आणि निळा पडदा आला.

पहिल्या तासात घरात जे उपाय झाले ते असे: बंद करून चालू करणं. जास्त वेळ बंद ठेवून चालू करणं. भिंतीतली पिन काढून घालणं. दुसऱ्या भिंतीत घालणं. डब्याच्या डाव्या अंगाला चापट मारणं, ही हणमंतरावांनी मारली. देवापुढं साखर ठेवणं, ही वृंदाबाईंनी ठेवली. मग प्रणितानं बेंगळुरूला भावाला फोन लावला. संकर्षण तिथं कॉम्प्युटरच्याच नोकरीत होता, म्हणजे दिवसभर मीटिंगमध्ये असायचा.

"कॉपी कुठाय?" त्यानं पहिलं विचारलं.

"नाहीये."

"कामून नाहीये?"

प्रणितानं अप्पांकडं बघितलं. अप्पा कॅलेंडरकडं बघत होते.

"बरं, कीबोर्डवरचं कुठलं बटण दाबून धरलंय का कुणी?"

"कोण दाबून धरणार? बाण चालायलेत, एंटर चालायलाय. कीबोर्ड बराय."

"मग मदरबोर्ड," संकर्षण म्हणाला. "नाही तर डिस्क. डिस्क गेली असंल तर आतलं सगळं गेलं. तू घाबरू नकोस. मला दुसरा कॉल येतोय."

'सगळं गेलं' हे शब्द फोनमधून बाहेर पडले आणि खोलीत राहिले. प्रणिता खुर्चीत बसली. तिचे हात गार पडले होते; ते तिनं मांडीखाली घातले. वृंदाबाईंनी ते बघितलं. पोरगी लहानपणी परीक्षेच्या आधी असेच हात घालून बसायची.

"जावा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "गुरुबसवला घेऊन या."

गुरुबसवचं दुरुस्तीचं दुकान कोपऱ्यावरच होतं. मोबाईल, इन्व्हर्टर, मिक्सर आणि अडीअडचणीला कॉम्प्युटर. दुकान आज अर्थात बंद. शटरला आंब्याच्या पानांचं तोरण, पायरीवर फोडलेला कोहळा. गुरुबसव मागच्या बाजूला घरात होता आणि नवा शर्ट घालून बायकोची वाट बघत होता. दोघं भालकीला सासरवाडीला निघाले होते.

"नमस्कार री, रावसाहेब. बन्नी तर संध्याकाळी देत्यात. तुम्ही सकाळीच?"

हणमंतरावांनी सांगितलं. सांगताना आवाज एकदा कापला. तो त्यांनी खोकल्यात मिसळला.

"आसं हाय बघा," गुरुबसव म्हणाला, "माझी समदी हत्यारं पूजेत हायत. दुकानाची किल्लीबी पूजेतच. बन्नी झाल्याबिगर मी हत्याराला हात लावत न्हाई."

"अरे, पण अडचण आहे."

"मागच्या दसऱ्याला माझ्या मेव्हण्यानं गाडीचं चाक बदलाया पाना उचलला, तवा तुम्हीच भर रस्त्यात त्याला बोल्लात. 'कलियुग आलं' म्हणलात. माझी सासू अजून सांगती लोकांना."

हणमंतरावांना ते आठवत होतं. चांगलं बोलले होते त्या दिवशी.

"हत्यार नको उचलू," ते म्हणाले. "नुसतं येऊन बघ."

"बघाया काय हरकत? डोळे कुठं पूजेला ठेवलेत."

गुरुबसव आला, दोन्ही हात पाठीमागं बांधून, प्रदर्शन बघायला आल्यासारखा. त्यानं निळा पडदा नीट वाचला.

"डिस्कचं नाव दिसायलंय. म्हणजे जिवंत हाय."

"जिवंत आहे!" प्रणिता उठून उभी राहिली.

"नाव दिसणं येगळं आणि काम करणं येगळं, अक्का. रावसाहेब खात्यात होते, त्यांना इचारा." त्यानं मान तिरकी करून डब्याचा आवाज ऐकला. "उघडून वायरी हलवाव्या लागत्यात. पर मी हात लावणार न्हाई."

देव्हाऱ्यासमोर पाटावर भातंब्रेकरांचा स्क्रूड्रायव्हर झेंडूच्या फुलाखाली पडला होता. हणमंतरावांनी त्याच्याकडं बघितलं. मग पायातल्या चपला काढल्या, पाटासमोर उभे राहिले आणि दोन अक्षता टाकून स्क्रूड्रायव्हरपुरती उत्तरपूजा केली. शेजारी विळी आणि कात्री तशाच बसून होत्या. त्यांनी काय मनात आणलं असेल ते असो.

"मी फिरवतो. तू सांग."

"डावीकडं फिरवा. डावीकडं री, रावसाहेब. ते उजवीकडं झालं."

आयुष्यभर साखळी धरून मोजणी केलेल्या त्या हातांना स्क्रू कुठल्या बाजूला सुटतो ते ठाऊक नव्हतं. एक स्क्रू पडला, पलंगाखाली गेला. प्रणिता ओणवी होऊन शोधायला लागली. वृंदाबाईंनी मोबाईलचा उजेड धरला आणि दुसऱ्या हातानं पदराचं टोक तोंडात धरलं. झाकण निघालं. आत धूळ होती, वायरी होत्या आणि कालचे चार-पाच चुरमुरे.

"प्रसाद," गुरुबसव म्हणाला. "काढा त्यो. आता ती लाल वायर. हळू. जरा काढून परत बसवा. हं. आता दुसरं टोक."

हणमंतरावांनी वायर काढली, बसवली. घाम नाकावरून डब्यात पडणार तेवढ्यात वृंदाबाईंनी टॉवेल पुढं केला. प्रणितानं बटण दाबलं. दिवा, पंखा, कंपनीचं नाव.

निळा पडदा.

बाहेर रिक्षा थांबली होती आणि गुरुबसवची बायको हॉर्नपेक्षा मोठ्यानं हाका मारत होती. गुरुबसव खरोखर वरमला होता. "हे माझ्या हातचं न्हाई, अक्का. हैदराबादला न्यावं लागंल. तिथं डिस्कमधलं काढून देत्यात म्हणे. चार-आठ दिवसांत." आणि तो गेला.

 प्रणितानं फोन काढला आणि विद्यापीठाला पत्र लिहायला घेतलं. 'अपरिहार्य कारणामुळे' एवढं लिहून थांबली. कारण काय लिहायचं? आमच्याकडं यंत्रांची पूजा करतात, असं लिहिलं तर ती माणसं ते किती आवडीनं वाचतील आणि दुसऱ्याला जागा देतील, हे तिला दिसत होतं.

"माझ्यामुळं झालं," हणमंतराव म्हणाले.

घरात कुणी 'न्हाई न्हाई' म्हणालं नाही. त्यांनी थोडी वाट बघितली होती.

दुपार झाली. वृंदाबाईंना रिकामं बसवत नव्हतं. संकट कितीही मोठं असलं तरी घर आवरायला काढणं हा त्यांचा स्वभाव. टेबलावरचे चुरमुरे गोळा करताना त्यांना मुंग्या दिसल्या. खिडकीतून निघालेली बारीक लाल ओळ टेबलाच्या पायावरून वर चढत होती आणि थेट कीबोर्डच्या पोटात शिरत होती.

"अगं बाई, यात तर वारूळ झालंय."

"आई, राहू दे आता."

"राहू दे काय? रात्रीत अंथरुणात येतील." वृंदाबाईंनी आधी भिंतीतलं बटण बंद केलं, कारण ओल्या हातानं वायरीला हात लावायचा नाही हा त्यांचा एकमेव यांत्रिक सिद्धांत होता. कीबोर्डची वायर डब्यामागून ओढून काढली, कीबोर्ड काखेत मारला आणि मोरीकडं निघाल्या. जाताजाता भिंतीतलं बटण परत लावलं, कारण पंखाही त्यावरच होता आणि पोरीला घाम आला होता.

प्रणितानं सकाळपासून लागलेल्या सवयीनं डब्याचं बटण दाबलं. तिचं लक्ष फोनवरच्या पत्राकडं होतं.

दिवा. पंखा. कंपनीचं नाव. आणि मग एक डोंगर, एक तळं, आभाळात ढग आणि खाली 'हणमंतराव' हे नाव.

"अप्पा!"

ती अशी ओरडली की वृंदाबाई मोरीतून कीबोर्ड तसाच हातात धरून, पाणी गाळत आल्या. "काय झालं? काय फुटलं?"

"चालू झाला!"

तिघांनी आधी पडद्याकडं बघितलं, मग त्या गळणाऱ्या कीबोर्डकडं. कोपऱ्यातलं एक बटण बाकीच्यांपेक्षा खाली बसलेलं होतं. प्रणितानं नखानं उचलून बघितलं, ते हललं नाही. कडेनं कुंकवाचा चिकट गाळ होता. कालचं लिंबू कुठं गेलं होतं याचा पत्ता आता लागला. ते बटण रात्रभर दबून बसलं होतं आणि चालू होताना हे बटण कुणी दाबून धरलं की कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर जातो. त्यानं इमानेइतबारे सांगितलेलं काम केलं होतं.

"बघ," हणमंतराव म्हणाले, "मी म्हणालो होतो ना, यंत्र दगा देत नाही..." आणि बायकोचा चेहरा बघून वाक्य तिथंच सोडलं.

पण आनंद करायला सवड नव्हती. डोंगराच्या पायथ्याशी पासवर्ड विचारत होता. पासवर्ड हणमंतरावांनी ठेवलेला, म्हणजे लांब. तो टाकायला कीबोर्ड पाहिजे. कीबोर्ड वृंदाबाईंनी साबणाच्या पाण्यात बुडवला होता. माउस कालच वारला होता. नकाशा आत सुखरूप होता, बोटभर अंतरावर, आणि दार वाजवायला हात नव्हता.

"गुरुबसव?"

"भालकीला गेला. दुकानाची किल्ली पूजेत."

"कॉलनीत कुणाकडं?"

सगळ्यांकडं मोबाईल, नाही तर लॅपटॉप. वायरीचा कीबोर्ड एकाच घरात होता, शेजारच्या काशाप्पाकडं. त्यानं घराच्या पुढच्या खोलीत झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान काढलं होतं. हणमंतराव अनवाणीच निघाले. चपला देव्हाऱ्यापुढं राहिल्या होत्या.

काशाप्पाच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली. काशाप्पा अर्ज राखत होता. त्याच्या पुढच्या खोलीत झेरॉक्सच्या मशीनवर घोंगडी अंथरली होती. तिच्यावर बापाची लोकर कातरायची कात्री, तिच्याशेजारी कीबोर्ड आणि मधोमध कुलदैवत बिरप्पाचा चांदीचा टाक. सगळ्यावर भंडारा उधळलेला. आतून पुरणाचा वास येत होता.

"घेऊन जावा की, रावसाहेब," काशाप्पा ऐकताक्षणी म्हणाला. "पोरीचं काम हाय. देव काय टायपिंग करायलाय व्हय?"

"थांबा." त्याची बायको जगदेवी हात पुसत बाहेर आली. "देवाम्होरून काय उचलायचं तर देवाला इचारून. तुमच्या घरी तुम्ही काय करता त्ये तुमचं, अण्णा. ह्यो आमचा देव हाय."

हणमंतरावांचा हात अक्षतांसाठी खिशाकडं गेला होता, तो त्यांनी मागं घेतला. इथं त्यांचं कलम चालत नव्हतं.

"विचारा मग. कसं विचारतात?"

"फूल लावत्ये. उजवीकडं पडलं तर देव व्हय म्हणला. डावीकडं पडलं तर न्हाई."

"आणि पडलंच नाही तर?"

"पडंस्तवर थांबायचं."

जगदेवीनं शेवंतीचं फूल पाण्यात बुडवून टाकाच्या माथ्यावर चिकटवलं. काशाप्पाला पंखा बंद करायला लावला. मग तिघं घोंगडीसमोर उभे राहिले.

फूल बसलं होतं. चांगलं ओलं होतं, पक्कं बसलं होतं. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं आणि पलीकडच्या घरातून प्रणिताचा आवाज आला, "अप्पा, मिळाला का?" हणमंतरावांनी ओ दिली नाही. त्यांनी ओठ किंचित पुढं काढले.

"फुंकू नका, अण्णा."

"मी श्वास घ्यायलोय."

"उजवीकडं तोंड करून घ्या मग."

त्यांनी तोंड फिरवलं. घोंगडीवरचा केस न् केस त्यांना दिसायला लागला. कुणाच्याही कागदावर सही घेताना इतका वेळ त्यांना कधी लागला नव्हता. समोरच्या साहेबाला काय पाहिजे हे कळायचं. हा साहेब काही मागत नव्हता.

"मनात नीट मागा," जगदेवी हळूच म्हणाली. "अर्धवट मागितलेलं देव ऐकत न्हाई."

"नीटच मागायलोय."

"न्हाई मागायला. तुमच्या तोंडावर दिसायलंय."

हणमंतराव काही तरी खरमरीत बोलणार होते. पण बोलता आलं नाही, कारण बाई खरं बोलत होती. सकाळपासून त्यांनी चालू हो, चालू हो, एवढंच म्हटलं होतं. चालू झाल्यावर काय, हे म्हटलं नव्हतं. फूल उजवीकडं पडलं तर पोरगी जाणार. जिथं दुपारी अंधार पडतो म्हणतात तिथं जाणार, आणि मैलूरच्या घरात दोन माणसं आणि एक डबा राहणार. डावीकडं पडलं तर कुणाचाच दोष नाही. देवानं नाही म्हटलं, आपण काय करणार? किती सोयीचं. इतकं सोयीचं की त्यांना आपलीच भीती वाटली. काल वायर काढताना 'दोन मिनिटं' द्यायला काय हरकत होती, हा प्रश्न त्यांनी सकाळपासून स्वतःला विचारला नव्हता. तो आता टाकासमोर येऊन उभा राहिला.

त्यांनी हात जोडले. डोळे मिटले. ओठ हलले. काशाप्पा शेजारीच होता, त्याला ऐकू आलं.

"तिला जाऊ दे."

आत कुकरची शिट्टी झाली. फूल उजवीकडं पडलं.

देवामुळं पडलं की शिट्टीमुळं, यावर काशाप्पाचं आणि जगदेवीचं अजून एकमत नाही. हणमंतरावांना तो वाद ऐकायला वेळ नव्हता. ते भंडाऱ्यानं पिवळा झालेला कीबोर्ड छातीशी धरून, अनवाणी, मैलूरच्या रस्त्यावर पळत होते आणि बन्नीची पानं विकायला बसलेल्या बायका त्यांना वाट देत होत्या.

"आधी पुसा," वृंदाबाई ओरडल्या. "ओल्या फडक्यानं नको!"

कोरड्या फडक्यानं पुसला. प्रत्येक बटण वर येतं का बघितलं. वायर लावली. हणमंतरावांनी पासवर्ड एका बोटानं टाकला. चुकला.  परत टाकला. परत चुकला.

"अप्पा, तुम्ही सांगा, मी टाकते."

"पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो. निय..." ते थांबले. मग मोठ्यानं, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा, सगळा पासवर्ड सांगितला. त्यात त्यांच्या कुलदेवीचं नाव होतं, निवृत्तीचं साल होतं आणि मधोमध 'प्रणिता' होतं. प्रणितानं टाकला. दार उघडलं.

नकाशा होता. तिनं आधी तो मेलवर टाकला, संकर्षणला पाठवला, स्वतःलाही पाठवला. मग पदवीला घेतलेला कुर्ता चढवला आणि कॅमेऱ्यासमोर बसली तेव्हा तीनला काहीच मिनिटं उरली होती.

पुढचा वेळ भातंब्रेकरांच्या घरात कुणी नीट श्वास घेतला नाही. वृंदाबाईंनी फ्रिज बंद केला, उगीच भार नको म्हणून. हणमंतराव कॅमेऱ्यात न दिसता भिंतीला पाठ लावून उभे होते आणि त्यांनी भिंतीतली पिन तळहातानं दाबून धरली होती. डब्याचा पंखा मध्येच मोठ्यानं घरघरायचा. प्रत्येक घरघरीला दोघा म्हाताऱ्यांची नजर भेटायची. एकदा पडदा थिजल्यासारखा झाला. प्रणिता बोलत राहिली. पडदा हलला.

पडद्यावर तीन माणसं होती. मधल्या पांढऱ्या केसांच्या प्राध्यापिका बाईच जास्त विचारत होत्या. प्रणिता इंग्रजीत सांगत होती, कोणत्या विहिरीत दोरी किती गेली, कुठं पाणी वरून दिसत नाही पण खालून चालतंय. सुरुवातीला आवाज कापत होता. मग नकाशा आला आणि ती नकाशात शिरली; आपल्या हातांकडं लक्ष द्यायचंही विसरली. ते हात मांडीखालून केव्हाच बाहेर आले होते आणि हवेत बोगदे खणत होते. हणमंतरावांना इंग्रजी कळत होतं, पण त्यांनी अर्थाकडं लक्ष दिलं नाही. मोजणी बरोबर आहे हे त्यांना आवाजावरून कळलं.

शेवटी तिघं आपसात काही तरी बोलले. हणमंतरावांचा तळहात घामानं पिनेवरून सरकला, तो त्यांनी परत दाबला. मग बाई चष्मा काढून हसल्या. पत्र रीतसर येईलच, त्या म्हणाल्या, पण उगीच वाट बघायला लावावं असं वाटत नाही. जागा तुमची. जानेवारीत या.

वृंदाबाईंनी जाऊन फ्रिज परत लावला. हणमंतरावांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. प्रणिता 'थँक यू' म्हणाली, परत म्हणाली, आणि मग नुसतीच मान हलवत राहिली.

"आणखी एक छोटीशी विनंती," बाई म्हणाल्या. "आमच्या विभागात सध्या कॉम्प्युटर कमी पडतात. येताना तुमचा हाच घेऊन याल का? फार इमानी दिसतोय."